सुई टोचायच्या आधी बोट टोचा

श्रोतेहो, नमस्कार.

धानाचा रोवणा लागला की आपल्याकडे आजारी पडायला कोणाला फुरसत नसते. ताप आला तर एक गोळी घ्यायची, नाहीतर बाजाराच्या दिवशी सुई टोचून यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत उतरायचं. त्या सुईनं ताप उतरतोही. पण मलेरियाचा ताप तसाही थंडी वाजून चढतो, घाम फुटून उतरतो आणि परत चढतो. बरं वाटलं ते सुईमुळे की तापाच्या स्वभावामुळे, सांगणार कोण? म्हणून आज माझं मागणं एवढंच आहे, की सुई टोचायच्या आधी बोट टोचून घ्या.

म्हणजे आशाताईकडच्या रॅपिड किटवर मलेरियाची तपासणी करून घ्या. सरकारी व्यवस्थेत या तपासणीला पैसे पडत नाहीत. पूर्वी फक्त रक्ताची काचपट्टी असायची. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली जायची आणि निकाल गावात परतेपर्यंत दिवस जायचे. मलेरियाची फाल्सिपेरम ही जात एवढी वाट बघत नाही. बिघडली तर 24 तासांत माणूस बेशुद्धीपर्यंत जातो, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हीच जात जोरात असते. 2013 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स, मलेरियाच्या या दोन्ही जाती ओळखणारी किट आली.

ती चालते कशी, हे नीट ऐका, कारण बसायचं तुम्हालाच आहे. आशाताई तुमच्यासमोर पाकीट फोडेल. आत प्लास्टिकची बोटभर पट्टी आणि ओल शोषणारी छोटी पुडी असते. अनामिकेच्या टोकाला टोचून रक्ताचा अगदी बारका थेंब एका खिडकीत आणि सोबतच्या द्रवाचे थेंब दुसऱ्या खिडकीत टाकतात. फाल्सिपेरमचा जंतू रक्तात एक प्रथिन सोडतो. पट्टीवर आधीच लावलेली प्रतिपिंडं ते पकडतात आणि तिथं लाल रेघ उमटते. ‘सी’ अक्षराजवळची रेघ उमटलीच पाहिजे. ती नसेल तर किट बाद, दुसरी घ्यायची. निकाल साधारण 15 ते 20 मिनिटांत, पाकिटावर लिहिलेल्या वेळीच वाचायचा. घाईनं उचललेली पट्टी फसवते, आणि संध्याकाळपर्यंत विसरून राहिलेली त्याहून जास्त. तेवढा वेळ बसा जी, ओसरीवर चहा होतो तेवढ्यात.

आता या किटची खोड. मलेरिया बरा झाला तरी ते प्रथिन रक्तात काही आठवडे रेंगाळतं. मागच्याच महिन्यात औषध घेतलं असेल तर आशाताईला आधी सांगा, अशा वेळी काचपट्टीच खरी. उलट, जंतू अगदी थोडे असले तर रेघ उमटतच नाही. निकाल निगेटिव्ह आला आणि ताप हटला नाही, तर घरी बसू नका, केंद्रात जा. ताप डेंग्यूचा असेल, स्क्रब टायफसचा, म्हणजे बारका किडा चावून येणारा असेल. 2018 साली नागपूर भागात स्क्रब टायफसनं चांगलंच घाबरवलं होतं. मलेरियाची पट्टी त्याबद्दल काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. बहुतेक किटच्या खोक्यावर 30 किंवा 40 अंशांची मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. तापलेली किट दिसायला चांगली असते आणि निकाल मात्र चुकवते. खोकं मातीच्या घरातल्या आतल्या खोलीत, सावलीत ठेवावं. कूलरसमोर पाकीट फोडून ठेवू नये, ओल लागते. हे आशाताईवर ढकलून मोकळं होऊ नका. तिचंही घर टिनाचंच असेल, तर ग्रामपंचायतीनं जागा द्यावी.

खोकल्याचंही थोडं सांगतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबीसाठी बेडका द्यायचा. गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, वातानुकूलित खोली मागत नाही, तासाभरात टीबीचा निकाल देतं आणि पुढच्या चाचणीत रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये त्याला मान्यता दिली. पण डबीत नुसती थुंकी आली तर यंत्र काय करणार? सकाळी, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका काढायचा.

पट्टीवर व्हायव्हॅक्स निघाला तर गोळ्या 14 दिवस चालतात, कारण हा जंतू यकृतात दडून बसतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पुडी फळीवर ठेवू नका. गरोदर बाईनं मात्र ही गोष्ट आधी सांगावी, तिचं औषध वेगळं असतं.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, मग तिकडे ना किट पोचते ना गोळी. म्हणून पावसाच्या आधीच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आशाताईकडे किट किती आहेत, त्यांची मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे, आणि फाल्सिपेरमच्या गोळ्या लहान लेकरांच्या मापाच्या आहेत की फक्त मोठ्यांच्या? नमस्कार.