रमाबाईंचा विश्वास आणि वाँटेजची शंका

पडद्यावर आपण पाहत आहात ती पाने पंडिता रमाबाई आणि इंग्लंडमधील वाँटेज मठाच्या भगिनी जेराल्डिन यांच्या पत्रव्यवहाराची आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परंतु तो जपून ठेवला आणि संगतवार लावला तो जेराल्डिन यांनीच. वाँटेजपर्यंत आम्ही पोहोचलो नाही. तिथे जे घडले, ते या पानांतूनच वाचावे लागते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांची चिमुकली मुलगी मनोरमा हिच्यासह झाला. त्याआधी त्यांनी या भगिनींचा लंडनमधील फुलम येथील आश्रम पाहिला होता. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तिथे ज्या मायेने सेवा होत होती, ती पाहून त्या चकित झाल्या आणि या दयेचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. उरलेल्या तात्त्विक शंकांचे निरसन ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री, म्हणजे फादर नहेम्या गोरे, यांच्या लेखनाने केले.

बाप्तिस्म्यानंतर मात्र मठातील वातावरण बदलले. रमाबाईंची श्रद्धा खरी आहे का, अशी शंका जेराल्डिन यांना येऊ लागली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना सांगितला तसा मान्य होईना. अंडे घातलेला पदार्थही त्या खात नसत, आणि जेराल्डिन यांना त्यात जातीचा ताठा दिसे. क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, ते आपल्या संस्कृतात का नसावेत, असेही रमाबाईंनी विचारले. आज हा प्रश्न किती साधा वाटतो! तेव्हा तो नवख्या ख्रिस्ती बाईचा उद्धटपणा ठरला. रमाबाईंचे उत्तर याच पत्रांत आहे: भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. ज्या बाईला दिखाऊ श्रद्धेवर आश्रय टिकवायचा असता, तिने आश्रयदात्यांना असे पत्र लिहिले असते काय?

पुण्यातील पंचहौद चर्चचा हा घंटामनोरा. वाँटेजच्या भगिनी या परिसरात काम करीत. शहरातील वर्तमानपत्रांना रमाबाईंविषयी उलट बाजूची शंका होती, ती म्हणजे त्यांची मुलींची शाळा शारदा सदन ही विद्येच्या आडून धर्मांतर करते. १८९३ मध्ये ती विकोपाला गेली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता आपण केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्या आवारात आहोत. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली इथे आणल्या गेल्या आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जणींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. भाकरीसाठी ख्रिस्ती झाल्या, हा आरोप लगेच आला. आणि ज्यांचा विश्वास एकेकाळी तराजूत घातला गेला होता, त्या रमाबाईंच्याच हाती आता तो तराजू आला. या मुलींना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले, शेती आणि छपाईच्या कामाला लावले. 

पडद्यावरचे हे मराठी बायबल रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतरित केले. त्याच्या छपाईचे खिळे इथल्याच स्त्रियांनी जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला.

स्वतःच्या पहिल्या कबुलीविषयी रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी भेटला. जेराल्डिन यांची शंका अगदीच निराधार नव्हती, असे यावरून कोणी म्हणेल. पण त्या आठ वर्षांत रमाबाई ज्या कबुलीला धरून राहिल्या, ती बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली हीच कबुली होती.