राणीछाप रुपया काट्यावर ठेवताना

नमस्कार श्रोतेहो.

लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया मांडणारी घरं पुण्यात अजून पुष्कळ आहेत. दिवाळी सरली की त्यातलं कुणीतरी तो रुपया रुमालात बांधून माझ्याकडे येतं. प्रश्न ठरलेला असतो, 'दीडशे वर्षांचा आहे, किती येतील?'

नाण्याची किंमत वयावर ठरत नाही, श्रोतेहो. तशी नाणी किती उरली आहेत आणि ठसा किती शाबूत आहे, यावर ती ठरते. राणीचा 1862 सालचा रुपया घ्या. तेच साल घालून टांकसाळी 1874 पर्यंत रुपये पाडत राहिल्या, म्हणून तो आजही सहज सापडतो. उलट सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया वयाने कितीतरी लहान, पण दुर्मिळ, त्यामुळे त्याला मागणी फार. अशा सालांच्या बाबतीत आकडा कोरून बदललेला तर नाही ना, हे भिंगातून आधी पाहावं.

पण किमतीच्याही आधी खरं-खोटं. त्यासाठी पहिला काटा. कंपनी सरकारने 1835 मध्ये सगळीकडे चालणारा जो रुपया आणला, तो 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. बरोबर एक तोळा! हातोहाती झिजून त्यात थोडी घट येतेच. मात्र ठसा करकरीत आणि वजन साडेदहा ग्रॅम, असं असेल तर ते नाणं घेऊ नका.

मी स्वतः फसलो तो ब्रिटिश व्यापारी डॉलरच्या बाबतीत. चीन आणि मलायाकडच्या व्यापारासाठी 1895 पासून 1935 पर्यंत हा डॉलर पाडला गेला, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या मुंबईच्या टांकसाळीचा. एका बाजूला त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय भाषेत 'एक डॉलर'. मुंबईची खूण म्हणजे त्रिशुळाच्या मधल्या पात्यावरचा इवलासा 'बी'. चांदी 90 टक्के, वजन 26.95 ग्रॅम.

मला विकला गेला तो दिसायला छान काळपट, जुना. घरी येऊन काट्यावर ठेवला, तर 23.2 ग्रॅम. माझ्या पोटात गोळाच आला. मग पाण्याची परीक्षा केली. ती तुम्हीही करू शकता. दशांश दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, आणि नाणं दोऱ्याने बांधून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवायचं. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. या चांदीला उत्तर 10.3 च्या आसपास यायला हवं. माझ्या डॉलरने पाण्यात 2.6 दाखवले, म्हणजे उत्तर आलं 8.9. ते तांब्या-निकेलचं. नंतर कडेवरून नख फिरवलं, तेव्हा दात्यांच्या मधून गेलेली साच्याची शिवण हाताला लागली. ब्रिटानियाचा चेहराही झिजलेल्या साबणासारखा होता. हे सगळं पैसे देण्याआधी दिसायला हवं होतं.

आता आपल्या पुण्याच्या अंकुशी रुपयाबद्दल, कारण इथे लोक उलट्या बाजूने फसतात. पेशवाईतलं नाणं म्हणजे त्यावर देवनागरी असणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यावर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असतो, आणि ओळख पटते ती अंकुशाच्या चिन्हावरून. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जातात. हातोड्याचा घाव दर वेळी थोडा वेगळा बसे, म्हणून एक रुपया हुबेहूब दुसऱ्यासारखा नसतो. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एकाच फडक्यावर दोन अंकुशी दिसले आणि दोन्हींवर अक्षरं तंतोतंत त्याच जागी तुटलेली असली, तर ते एकाच साच्यातून ओतलेले समजा.

कडेजवळचे छोटे छोटे टोचे मात्र पाहून घाबरू नका. ते बहुधा सराफाच्या पारखीच्या खुणा असतात. आतली चांदी खरी की नुसता मुलामा, हे ते असं तपासत. चीनमधून फिरून आलेल्या डॉलरवर तिथल्या व्यापाऱ्यांचे ठसे असतात. काही संग्राहक तर तेच शोधत असतात.

शेवटी एक कळकळीची विनंती. चिंच, लिंबू, रांगोळी नाण्याला लावू नका. माझ्या आजीने प्रेमाने घासून लख्ख केलेल्या रुपयावर राणीच्या मुकुटाची नक्षी उरलेली नाही, आणि ती परत येणार नाही. हळद-कुंकू लागलं असेल तर साध्या पाण्यातून काढा, मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका. काळी झाक राहू द्या. मग कडेला धरून काट्यावर ठेवा, वजन चिठ्ठीवर लिहा आणि रुपयाबरोबर तीही डबीत ठेवा.

नमस्कार.