आजोळी वाढलेली एक मुलगी आणि आपली मुले

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन इथे स्थायिक झालेल्या माझ्या खान्देशी बंधू-भगिनींनो,

जॅकलिन वुडसन यांचे ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ हे मुलांसाठी मुक्तछंदात लिहिलेले आत्मकथन २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. लेखिकेचा जन्म १९६३ सालचा, ओहायोतल्या कोलंबस शहरातला. ती अगदी लहान असतानाच आईवडील वेगळे झाले, आई तिन्ही लेकरांना घेऊन साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला माहेरी आली आणि पुढे ब्रुकलिनला बिऱ्हाड हलेपर्यंत ही मुले आजोळी वाढली. वडील दुरावलेल्या या नातवंडांना आजोबांनी लावलेला जीव वाचताना आपल्याकडचे आजोळ ज्याला आठवणार नाही, असा खान्देशी माणूस विरळाच.

त्या मायेच्या घराबाहेर मात्र कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारा वंशभेद होता. वंशावरून भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला, तरी गावाची सवय मोडलेली नव्हती. कुठेही बसण्याची मुभा असूनही आजी नातवंडांना घेऊन बसमध्ये मागेच बसते, कारण गोऱ्यांच्या तुच्छतेच्या नजरा झेलण्यापेक्षा ते तिला सोपे वाटते. आणि एका मोठ्या दुकानाची पायरी ती चढत नाही, कारण ती समोर नाहीच अशा थाटात तिथे तिला ताटकळत ठेवलेले असते. कापडाच्या दुकानात मात्र ती जाते, कारण तिथली गोरी बाई तिला माणसासारखे वागवते. एवढ्याशा निवडीतून त्या मुलीला अपमान म्हणजे काय ते उमगते.

आपल्या मुलांना शाळेत रंगावरून किंवा डब्याच्या वासावरून कोणी बोलले, तर ‘दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे बघ’ असे म्हणून आपण विषय मिटवतो. माझ्या मते हे चुकीचे आहे, कारण मूल गप्प बसले तरी ते बोलणे त्याच्या मनातून जात नाही.

शिवाय आपण ज्या गावांतून आलो, तिथेही भेदभाव होताच. तापीकाठच्या आमच्या गावात सालदारासाठी कान तुटलेला कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. त्यात चहा वरून ओतला जाई आणि पिऊन झाल्यावर तो कप त्यानेच विसळून परत ठेवायचा असे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिताना घराची उतरती कळाही मुलांपासून झाकली नाही आणि अस्पृश्यतेचा प्रश्नही टाळला नाही. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. इथला वंशभेद मुलांना समजावताना आपण तो कप लपवला, तर आपले सांगणे अर्धवट राहील.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, मंडळाच्या वाचनवर्गात दहा वर्षांवरील मुलांबरोबर हे पुस्तक वाचले जावे आणि आजी-आजोबांनीही तिथे बसून आपापल्या गावचे सांगायचे राहून गेलेले सारे नातवंडांना सांगावे. मुले स्वतःच्या आठवणी मराठीत, इंग्रजीत किंवा घरच्या अहिराणीत लिहितील, तर स्मरणिकेत त्यांच्यासाठी पाने राखून ठेवावीत. ते लेखन टंकित करून देण्याची जबाबदारी मी घेतो.