सूत्रात समुद्र मोजत नाहीत

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘फिलिपिन्समधील स्थानिक स्वराज्य संस्थांचा निधी’. निधीकडे येतोच, पण आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. लुझोन बेटाच्या उत्तर टोकावरून आणखी वर, तैवानच्या दिशेने चला. समुद्रात ठिपके लागतात, तो बातानेस प्रांत. २०२०च्या जनगणनेत अख्ख्या प्रांताची लोकसंख्या १८,८३१! माणसांनी आणि जमिनीनेही देशातला सर्वांत लहान प्रांत. त्यात सहा म्युनिसिपालिट्या, आणि सगळ्यात उत्तरेची इत्बायात. म्युनिसिपालिटी म्हणजे एक मुख्य गाव आणि भोवतालच्या वस्त्या. इत्बायात बेट प्रांतात सर्वांत मोठं, सुमारे ८३ चौरस किलोमीटर. वस्ती मात्र तीन हजारांच्या आसपास. इवातान लोक, रताळ्या-सुरणासारखी कंदपिकं, लसूण, गुरं आणि मासेमारी.

आता तिथे उतरायचं कसं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. कोकणातल्या मंडळींनी नीट ऐका. या बेटाला पुळण नाही. चारही बाजूंनी सरळ कडे. प्रांताच्या राजधानीहून, बास्कोहून, फालुवा नावाची होडी निघते. फिलिपिन्सच्या इतर होड्यांना दोन्ही अंगांना बांबूच्या उलांड्या असतात, फालुवाला नाहीत. त्या समुद्रात त्या टिकणार नाहीत. तीन-चार तास ती अशी हलते की बोलणं बंद होतं. मग येतं चिनापोलिरान बंदर. बंदर म्हणजे कड्यातून खाली आणलेला काँक्रीटचा उतार. होडी लाटेबरोबर माणसाच्या उंचीएवढी वर येते, तेवढीच खाली जाते. काठावर दोघं तिघं पाय रोवून उभे. होडी वर आली की खलाशी ओरडतो, तुम्ही पाय उचलायचा आणि काठावरचा माणूस तुमचं मनगट पकडून ओढतो. क्षण हुकला तर पुढच्या लाटेपर्यंत थांबायचं. माझ्या पुढे एक आजीबाई होत्या. त्यांनी पिशवी आधी वर फेकली, मग स्वतः गेल्या, आणि वर जाऊन लगेच पदराची... नाही, पदर नव्हे, डोक्यावरच्या रुमालाची गाठ सारखी केली. मी उतरल्यावर बराच वेळ तिथेच बसलो. सिमेंटची पोती वर येत होती, एकेक, हातोहात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तरी वरून खारं पाणी उडतच होतं. त्यातलं एक पोतं कोपऱ्यात फाटलं. ते बाजूला ठेवलं, टाकलं नाही. हवामान बिघडलं की हेही बंद. दिवसचे दिवस होडी येत नाही.

(अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? बरं.)

कारभाराचं थोडक्यात सांगतो. १९९१ची स्थानिक शासन संहिता. आपली ७३वी घटनादुरुस्ती १९९२ची, म्हणजे काळ एकच. थेट निवडून आलेले महापौर, उपमहापौर आणि आठ सदस्य. मुदत तीन वर्षं, सलग तीनच वेळा. त्याखाली बारांगाय, म्हणजे सर्वांत खालची पायरी. इत्बायातमध्ये ती पाच. प्रत्येकात एक प्रमुख, सात सदस्य, शिवाय तरुणांचं वेगळं निवडून आलेलं मंडळ, तेही आठ जणांचं. बेरीज करा: तीन हजार लोकांमागे नव्वद लोकप्रतिनिधी! लग्नपत्रिकेत सगळ्यांची नावं घालायची म्हटली तर पत्रिकेचं पुस्तक होईल. पण मला हे फार आवडतं. प्रत्येक घराला आपला माणूस ठाऊक असतो. भांडण झालं तर बहुतेक वेळा आधी बारांगायच्या सलोखा समितीपुढे जावं लागतं, थेट कोर्टात जाता येत नाही.

२७ जुलै २०१९ला पहाटे इत्बायातला भूकंप झाला, आणि साडेसातच्या सुमारास दुसरा, त्याहून मोठा. नऊ माणसं गेली. चर्चचा मनोरा कोसळला. इवातानांची दगड-चुन्याची घरं, जाड भिंतींची, गवताने शाकारलेली, ही वादळासाठी बांधलेली. वादळात छपरावर दोर आवळतात, भिंती हलत नाहीत. भूकंपात त्याच भिंती अंगावर आल्या. लोक चौकात तंबूत राहिले. एकमेकांचं काम मिळून करण्याची त्यांची जुनी रीत आहे, यारू; ती आजही घरबांधणीत दिसते. पण सिमेंट यारूने तयार होत नाही, ते त्या उतारावरूनच यावं लागतं.

आता निधी, घाईत. केंद्राच्या करवसुलीतला ४०% वाटा स्थानिक संस्थांना. त्यातले ३४% म्युनिसिपालिट्यांना. वाटपाचं सूत्र: ५०% लोकसंख्येवर, २५% जमिनीवर, २५% सगळ्यांना समसमान. तो शेवटचा पाव हिस्सा आहे म्हणून इत्बायातसारखं गाव उभं आहे. तीन हजार असोत की तीन लाख, तो सारखाच. बातांगास प्रांतातले राजकारणी मंदानास सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८च्या निकालाने सीमाशुल्कासकट सर्व राष्ट्रीय करांतून वाटा द्यायचं ठरलं, अंमल २०२२पासून. त्याचबरोबर कामंही खाली ढकलली. वाटा तीन वर्षांपूर्वीच्या वसुलीवर ठरतो, म्हणून कोविडचा फटका २०२३मध्ये बसला.

आपत्तीसाठी उत्पन्नातले ५% राखायचे, त्यातले ३०% तातडीच्या मदतीला. उत्पन्नच लहान, तर पाच टक्के किती होणार?

आणि माझी खरी तक्रार ही. सूत्र डोकी मोजतं, जमीन मोजतं. समुद्र मोजत नाही. किनाऱ्यापासून १५ किलोमीटर पाणी कायद्याने म्युनिसिपालिटीचं, सांभाळायचं तिनेच. वाटपात त्याला शून्य गुण. ज्या गावाला पोतं दोन बोटी बदलून येतं, त्याचा रस्ता आणि सपाटीवरच्या गावाचा रस्ता सूत्राला सारखाच. लोकसंख्येच्या पन्नास टक्क्यांतले पाच काढून सागरी अंतराला द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. मोजायचं कसं, असं कोणी विचारेल. मनिलात सिमेंटच्या पोत्याचा भाव काय आणि बेटावर काय, यातली तफावत दर तीन वर्षांनी नोंदवा, तिचा दर्जा ठरवा. बेटं बरीच आहेत, पण हे काम कारकुनी आहे, अवघड नाही. विचारा आता.