तिथे काय बघायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टीच्या दिवशी खडकीच्या वॉर सिमेट्रीत जायचंय, असं आपल्यापैकी कुणी घरी सांगून पाहावं. उत्तर ठरलेलं असतं : "तिथे काय बघायचं? आणि आल्यावर आधी अंघोळ कर." अंघोळीची रीत आपली जुनी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र बोलायचंय.

कारण हेच घर आळंदीला ज्ञानोबांच्या समाधीसाठी तासन्‌तास रांगेत उभं राहतं. वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीपुढे माथा टेकतं. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांपाशी शाळेच्या सहली जातात. वानवडीची शिंदे छत्री तर १७९४ मध्ये वारलेल्या महादजींची समाधीच. तिथे आपण पाहुण्यांनाही कौतुकाने नेतो. यातलं काहीच आपल्याला अभद्र वाटत नाही. परक्याची कबर आली की मात्र पाय अडखळतो.

अशा भटकंतीला हल्ली 'डार्क टुरिझम' म्हणतात, आणि मरणाचा तमाशा होतो असा तिच्यावर आक्षेप आहे. तो खोटा नाही. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ऑस्कर वाइल्डच्या कबरीचे लिपस्टिक लावून इतके मुके घेतले गेले, की दगड झिजू लागला. शेवटी २०११ मध्ये भोवती काच बसवावी लागली. पण पुण्यात गर्दीचं दुखणं नाहीच. इथे कुणी फिरकत नाही, हे दुखणं आहे.

खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. कुठे तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वय वाचत पुढे गेलं, की कॉलेजातली आपली पोरं डोळ्यांपुढे येतात. तिथेच पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचं स्मारक आहे. त्यांना पुरलं होतं ठिकठिकाणच्या छावण्यांत आणि गावांत; तिथल्या कबरींची निगा राखणं पुढे शक्य राहिलं नाही, म्हणून नावं तेवढी इथे कोरली. कबर विस्मरणात जाते ती अशी. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक कबर सांगायलाच हवी. ससून रुग्णालय माहीत नाही असा पुणेकर नसेल. पण ज्यांच्या नावाने ते उभं आहे, ते डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले आणि कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुलांना अशा ठिकाणी न्यावं का, असं पालक विचारतात. जरूर न्या. दगडांवरची नावं त्यांना मोठ्याने वाचू द्या. कबरीवर पाय पडू देऊ नका, रील करू नका, आणि फोटो काढण्याआधी तिथल्या रखवालदाराला विचारा. लाल देऊळ हे ज्यूंचं चालतं प्रार्थनास्थळ आहे, तेव्हा तिथे आधी परवानगी घेऊनच जा. खडकीला मात्र याच रविवारी निघालात तरी चालेल. सकाळी लवकर जा, म्हणजे उन्हाआधी सगळ्या रांगा फिरून होतील.