अंश, छेद आणि आधारवर्ष : उत्सर्जन-कपातीची वचनं कशी वाचावीत

हवामानबदल रोखण्यासाठी २०१५मध्ये झालेल्या पॅरिस करारानं देशांवर नेमकं काय बंधन घातलं आहे, इथपासून सुरुवात करू. चौथ्या कलमानुसार प्रत्येक देशानं आपलं उद्दिष्ट स्वतः ठरवायचं, दर पाच वर्षांनी नवं कळवायचं आणि ते गाठण्याच्या हेतूनं देशात उपाय करायचे. ते गाठलंच पाहिजे, असं करारात कुठेही नाही. पंधराव्या कलमाखाली एक समिती आहे, पण तिला दंड करण्याचा अधिकार नाही. वेळेवर अहवाल आला नाही तर ती विचारणा करते, मदत सुचवते, तिचं काम तिथे संपतं.

हे असं का झालं, हे क्योटोच्या अनुभवावरून कळतं. १९९७च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना आकडे ठरवून दिले होते आणि शिक्षाही होती. पहिल्या कालखंडात, म्हणजे २००८ ते २०१२मध्ये, कपातीत एक टन कमी पडला तर पुढच्या कालखंडात १.३ टन भरून द्यायचा. कॅनडाला १९९०च्या तुलनेत सहा टक्के कपात करायची होती. उत्सर्जन तर वाढत गेलं. डिसेंबर २०११मध्ये कॅनडानं करारातून बाहेर पडत असल्याचं कळवलं, आणि शिक्षा ज्याला लागू करायची तोच उरला नाही. अमेरिकेनं तर करार मंजूरच केला नव्हता. त्यातच संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांमध्ये मतदानाचा नियम आजपर्यंत संमत झालेला नाही, त्यामुळे निर्णय सर्वसहमतीनंच होतात. या परिस्थितीत २०१५ साली सगळ्यांना एका करारात आणायचं तर आकडा ज्याचा त्यानं ठरवायचा, एवढीच वाट शिल्लक होती.

त्यामुळे आज राष्ट्रीय वचनाची खरी किंमत ते कसं मोजलं जाणार, यात आहे. बातमीत टक्केवारी छापून येते, पण ती कशाची आणि कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हे बहुधा येत नाही.

आधी आधारवर्ष बघू. युरोपीय संघ १९९० धरतो. त्या वर्षानंतर लगेच पूर्व युरोपातले जुने कोळसाखाऊ कारखाने बंद पडले, आणि ती घट हिशेबात आपोआप जमा झाली. रशिया आणि युक्रेनला क्योटोत फक्त १९९०ची पातळी ओलांडू नका, एवढंच सांगितलं होतं. सोव्हिएत उद्योग आधीच कोसळलेला असल्यानं कपात न करताच त्यांच्या हाती उत्सर्जनाचे, दुसऱ्या देशांना विकण्याजोगे प्रचंड हक्क आले. वाटाघाटींत याला ‘हॉट एअर’ म्हणत. अमेरिकेनं पॅरिसनंतर २००५ हे वर्ष धरलं. तिचं एकूण हरितगृह वायूंचं उत्सर्जन २००५मध्ये १९९०पेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे २००५च्या तुलनेत ५० टक्के कपात म्हटलं, तर १९९०च्या मापानं ती साधारण ४२ टक्केच भरते. चीननं सप्टेंबर २०२५मध्ये २०३५साठी सात ते दहा टक्के कपात जाहीर केली, ती ‘सर्वोच्च पातळी’च्या तुलनेत, आणि ती पातळी किती टनांची हे सांगितलं नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. क्योटोत त्याला १९९०पेक्षा आठ टक्के वाढीची मुभा मिळाली. शिवाय तिसऱ्या कलमाच्या सातव्या परिच्छेदानं, ज्यांच्याकडे १९९०मध्ये जमीन आणि जंगल या क्षेत्रातून निव्वळ उत्सर्जन होत होतं, त्यांना जंगलतोडीचे टन आधारवर्षात धरायची परवानगी दिली. १९९०मध्ये तिथे जंगल साफ करण्याचं प्रमाण खूप मोठं होतं, नंतर ते उतरलं. आधारवर्षाचा आकडा फुगला आणि वीज, वाहतूक, कारखाने यांचं उत्सर्जन वाढत असतानाही उद्दिष्ट गाठता आलं. नियमाबाहेर काही घडलं नाही, नियमच तसा लिहून घेतला होता.

आता भारत. २०१५मध्ये आपण जीडीपीची उत्सर्जन-तीव्रता २००५च्या तुलनेत २०३०पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करू म्हटलं, ऑगस्ट २०२२मध्ये ते ४५ टक्के केलं. तीव्रता हा अपूर्णांक आहे. अंशात उत्सर्जनाचे टन, छेदात स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वगळून, मोजलेला जीडीपी. समजा २००५ ते २०३० ही पंचवीस वर्षं अर्थव्यवस्था सरासरी सहा टक्क्यांनी वाढली. छेद ४.२९ पट होईल. तीव्रता ५५ टक्क्यांवर आणली तर ४.२९ गुणिले ०.५५, म्हणजे उत्सर्जन २.३६ पट झालं तरी वचन पाळलं गेलं. वाढ पाच टक्के धरली तर हीच मुभा १.८६ पटींवर येते. अर्थव्यवस्था मंदावली की मुभा आकसते आणि वेगानं वाढली की रुंदावते, हा या मापाचा स्वभाव आहे.

याला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. भारताचं दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, आणि अमेरिकेचं सुमारे चौदा टन. वाढीला जागा ठेवणारं माप निवडणं हा आपला हक्कच आहे. मात्र ‘उत्सर्जनात ४५ टक्के कपात’ असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं ते चूक आहे, आणि त्यानं वाचकाचं नुकसान होतं. भारतानं डिसेंबर २०२४मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. त्याच काळात एकूण टन वाढले. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

छेदाबद्दल आणखी एक. जीडीपीची मालिका बदलली की मागची वर्षंही नव्यानं मोजली जातात, जसं २०१५मध्ये २००४-०५ऐवजी २०११-१२ हे आधारवर्ष आलं तेव्हा झालं. त्यामुळे दोन वेगळ्या अहवालांतली तीव्रता शेजारी ठेवण्याआधी दोन्हींचा छेद एकाच मालिकेतला आहे ना, हे तपासावं लागतं.

दुसरं वचन विजेचं : २०३०पर्यंत स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची. हे जून २०२५मध्येच गाठलं गेलं. सुमारे ४८५ गिगावॉटपैकी निम्मी क्षमता सौर, पवन, जल, जैवऊर्जा आणि अणू मिळून झाली. काम मोठं आहे, यात शंका नाही. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. एक मेगावॉटचं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर ८७.६ लाख युनिट देईल. सौर प्रकल्प २० टक्के क्षमतेनं चालला तर साडेसतरा लाख युनिट, कोळशाचा संच ६८ टक्क्यांनी चालला तर जवळपास ६० लाख. म्हणून क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा निम्मा वाटा असूनही निर्मितीत कोळसा ७० टक्क्यांच्या आसपास राहतो. उत्सर्जन युनिटांवर ठरतं, मेगावॉटवर नाही. संध्याकाळी सौर वीज संपते आणि घरोघरी दिवे-पंखे सुरू होतात, तेव्हा साठवणुकीची सोय नसेल तर कोळशाचे संचच चढवावे लागतात. पुढचं वचन युनिटांमध्ये मागायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं वचन अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषून ठेवण्याचं. हे मोजताना वनाच्छादन म्हणजे एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलेली कोणतीही जमीन, मालकी कुणाचीही असो. म्हणजे कोकणातली दाट काजूची बाग किंवा गोव्यातलं पोफळींचं कुळागरही त्यात धरलं जातं. बागेत कार्बन साठतो, हे खरंच आहे. पण सह्याद्रीतलं जुनं जंगल तुटलं आणि दुसरीकडे बाग उभी राहिली, तर वनाच्छादनाच्या बेरजेत क्षेत्र तेवढंच दिसू शकतं. हरवलेली जैवविविधता या बेरजेत कुठेच उमटत नाही.

राहिला पैसा. विजेच्या वचनात भारतानं तंत्रज्ञान आणि स्वस्त आंतरराष्ट्रीय वित्त मिळण्याची जोड दिली आहे, आणि अनेक गरीब देश तर दोन आकडे देतात, एक बिनशर्त, दुसरा मदत मिळाल्यास. म्हणून मदत कशी मोजतात, तेही बघावं लागतं. वर्षाला १०० अब्ज डॉलरचं २००९चं आश्वासन २०२०पर्यंतचं होतं. विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या हिशेबानं ते २०२२मध्ये पूर्ण झालं. त्या वर्षीच्या सरकारी निधीत ६९ टक्के वाटा कर्जांचा होता, अनुदानं २८ टक्के. कर्ज पूर्ण रकमेनं मोजलं जातं. घेणारा देश ते व्याजासह फेडतो, तरी देणाऱ्याच्या खात्यात सगळी रक्कम मदत म्हणून जमा होते. सवलतीच्या व्याजातून खरोखर वाचतो तेवढाच भाग धरला, तर हाच आकडा बराच खाली येतो. २०२४मध्ये अझरबैजानमधल्या बाकूत झालेल्या हवामान परिषदेत २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं नवं लक्ष्य ठरलं, सरकारी आणि खासगी असे सगळे स्रोत मिळून. निर्णय झाल्याचा हातोडा पडल्यावर भारतीय प्रतिनिधींनी त्याच सभागृहात लेखी भाषण वाचून तो अमान्य असल्याचं सांगितलं. हवामान-निधी म्हणजे नेमकं काय, कर्ज त्यात किती धरायचं, याची सर्वमान्य व्याख्या बाकूतही झाली नाही.