कामठीचे बाबू हरदास

नागपुरात इंदोऱ्यापासून रामबागेपर्यंत दिवसभर 'जय भीम' कानावर पडतं. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे आपल्या कामठीचे. पण त्यांचं नाव निघालं की बोलणं या एका गोष्टीवरच थांबतं, आणि ते मनाला लागतं. कारण हा माणूस आयुष्यभर राबला.

६ जानेवारी १९०४ चा जन्म. शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलात. सतराव्या वर्षी, १९२१ मध्ये, त्यांनी 'महारठ्ठा' साप्ताहिक सुरू केलं. पुढे कामठीत रात्रशाळा काढली. दिवसभर मजुरी करून आलेल्या पोरांना दुसरी कुठली वेळ असणार?

त्या काळच्या कामठीत अनेक घरांची चूल बिडीवर पेटायची. हे काम जरा जवळून बघा. तेंदूपत्ता आदल्या रात्री भिजवायचा. सकाळी मांडीवर सूप घेऊन कात्रीनं एकसारखी पानं कापायची. चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, तोंड दुमडायचं. संध्याकाळी माल ठेकेदारापुढे ठेवायचा आणि त्यानं छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची मजुरी सोडून द्यायची. वळायला तर त्याही तेवढाच वेळ लागलेला असतो! बाबू हरदास या कामगारांना संघटित करत होते. मधला ठेकेदार निघावा, म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचं काम उभं करायचा प्रयत्न त्यांनी केला.

१९३१. लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद भरली होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी गांधीजी की डॉ. आंबेडकर, हा वाद पेटला. बाबू हरदासांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांना तार केली : आमचे नेते डॉ. आंबेडकरच. स्वतः एक तार करून ते थांबले नाहीत, ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनाही तारा करायला लावल्या. बाबासाहेब सातासमुद्रापार एकटे किल्ला लढवत असताना त्यांची बाजू इथून अशी भक्कम केली जात होती.

मे १९३२ मध्ये कामठीत दलित वर्गाची परिषद भरली. बाबासाहेबांची मागणी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची होती. पण हिंदू महासभेचे नेते, नागपूरचेच डॉ. मुंजे आणि मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून मत देण्याचा, करार झाला होता, आपल्याच समाजातली काही मोठी माणसं त्या बाजूला गेली होती. अशा वेळी स्वतःच्या गावात परिषद बोलावायची म्हणजे रोज दिसणाऱ्या माणसांचा राग अंगावर घ्यायचा. स्वागताध्यक्ष होते बाबू हरदास.

१९३७ मध्ये ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. आमदारकी जेमतेम दोन वर्षांची ठरली. क्षयानं गाठलं आणि १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले. वय अवघं ३५. विदर्भातला ऐन उमेदीतला बिनीचा सहकारी बाबासाहेबांनी गमावला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेसाठी लाखोंचा समुदाय जमला, तेव्हा हा माणूस बाबासाहेबांच्या शेजारी असायला हवा होता, असं फार वाटतं.

कामठीला आलेले लोक ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार पाहतात आणि परत फिरतात. पुढे कन्हान नदीवर बाबू हरदासांची समाधी आहे. तिथेही जा, आणि पोरांना सोबत घेऊन जा. बिडी कामगारांची, रात्रशाळेची, त्या तारांची गोष्ट त्यांना तिथेच सांगा.